चाळीस फुटांचा डोंगर

माझ्या हातून आयुष्यात एकच डोंगर उभा राहिला, आणि तो नेमका पुतण्याच्या लग्नाच्या आड आला.

तेव्हा मी हिंगोलीत एका खाजगी सर्वेक्षणवाल्याकडे नकाशे काढायच्या कामाला होतो. आधी सगळं पेन, पट्टी आणि ट्रेसिंग पेपरवर चालायचं. मग साहेबांनी कॉम्प्युटर आणला आणि चाळिशीला टेकल्यावर मला माउस धरायला शिकावं लागलं. पहिले काही महिने मी तो कपड्यावर इस्त्री फिरवावी तसा फिरवायचो, असं ऑफिसातली पोरं सांगायची. खोटं नव्हतं. त्यानंतर दोन हजार सालाच्या पुढे कधीतरी हातात मावेल एवढं एक जीपीएसचं यंत्र आलं. ते चालू करून रस्त्यानं चालत जायचं. आपण कुठे कुठे गेलो ते यंत्र टिपून ठेवतं. परत येऊन वायर जोडली की नकाशा दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या चालण्याची रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून गावरस्ता काढायचा. काम एवढंच.

पण त्या सॉफ्टवेअरमध्ये खाली एक पट्टी उघडता यायची. वाटेनं जमीन कुठे चढली, कुठे उतरली याचा आलेख त्या पट्टीत दिसायचा. आलेखावर माउस नेला की वर नकाशात आपण त्या जागी उभे असल्यासारखा एक ठिपका सरकायचा. ऑफिसच्या कामाला त्या पट्टीचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून मला ती फार आवडायची. साहेबांनी जुना कॉम्प्युटर मला स्वस्तात दिल्यावर तर घरीही तोच उद्योग सुरू झाला. हिंगोलीहून नरसीला जाताना नदीकडे जमीन कशी खाली जाते, गोरेगावची जीप कुठे कुठे दम खाते, सकाळी मी फिरायला जातो त्या वाटेवर किती चढ आहे, सगळं काढून बघत बसायचो.

बायको चहा ठेवता ठेवता म्हणायची, "हार्टच्या डॉक्टरकडची पट्टी बघितल्यासारखं काय बघून राहिले? काही निघालं का?"

"जमिनीची हाय," मी म्हणायचो.

"मग जमिनीला गोळ्या लिहून द्या अन् जेवायला या."

आता पुतण्याचं सांगतो. आमचं मूळ गाव गोरेगावच्या पुढे, एका टेकाडावर. तिथे माझा थोरला भाऊ शेती करायचा. शेत आणि विहीर टेकाडाच्या खाली, घर वर. गावात हातपंप होता, पण त्याच्या पाण्यात डाळ शिजत नसे. दुपारपर्यंत चूल पेटती ठेवली तरी तूर आपली कडक ती कडकच. म्हणून पिण्याचं आणि रांधायचं पाणी शेतातल्या विहिरीवरून यायचं. यायचं म्हणजे वहिनी आणायची, डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन, चढ चढून.

ही गोष्ट आम्हाला कधी गोष्ट वाटली नव्हती. पुतण्याचं लग्न काढलं तेव्हा कळलं की ती आमच्या आधी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत पोचली आहे. पोरगा निर्व्यसनी, जमीन काळी, बारमाही विहीर. सगळं पसंत पडायचं, आणि मग मुलीची एखादी मावशी म्हणायची, "त्या गावात पोरगी द्यायची? जन्मभर हंडा घेऊन चढून राहील." झालं, निरोप यायचा की मुलीला पुढं शिकायचंय. अशी लागोपाठ तीन स्थळं फिरली. पुतण्याची तिशी उलटत होती आणि कपाळ वर वर सरकत होतं. फोटो काढताना तो टोपी घालायला लागला होता.

त्यातच नरसीकडच्या एका गावातलं स्थळ आलं. आम्ही मुलगी बघून आलो. एरवी पुतण्या बघून आल्यावर "तुमी ठरवा" म्हणून गुरांकडे निघून जायचा. या वेळी जीपमध्येच म्हणाला, "मला पसंत हाय." भाऊ माझ्याकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवसापासून पोरगं रोज दाढी करायला लागलं, हे वहिनीनं सांगितलं. मुलीनंही होकार दिल्याचं कानावर आलं. आणि आठवड्यात मुलीच्या वडलांचा फोन आला. गृहस्थ सरळ होते. म्हणाले, "पाव्हणं, पोराला नाव ठेवायला जागा न्हाई. पण तो चढ... बाजाराला हिंगोलीत येऊन राहिलो, तवा समक्षच बोलू."

समक्ष बोलू म्हणजे नकार समोरासमोर द्यायचा, एवढं मला कळत होतं. आणि तेव्हाच मला माझी पट्टी आठवली. लोक ऐकीव गोष्टीवर उड्या मारतात. आपण त्यांना चढ मोजून दाखवू! बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चढ मोजल्यानं कमी होणार हाय का?" मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी यंत्र घेऊन गावी गेलो. पुढे डोक्यावर हंडा-कळशी घेतलेली वहिनी आणि मागे छातीशी यंत्र धरलेला मी, अशी आमची मिरवणूक विहिरीपासून निघाली. पारावरच्या एकानं विचारलंच, "काहून रे, वहिनी वाट चुकून राहिली का, मशीन घेऊन मागं लागला?"

वहिनी मान न हलवता म्हणाली, "भावजी, मशीन धरायला हात हायेत, तर ही कळशीबी धरा."

यंत्र सरळ धरावं लागतं, असं मी सांगितलं. तसं काही नव्हतं. अर्ध्या वाटेवर लिंबाखाली तिनं हंडा-कळशी दगडावर उतरवली आणि दम घेतला. मीही घेतला. खरं सांगायचं तर मी जास्त घेतला. माझ्याजवळ ओझं म्हणाल तर पावशेराचं यंत्र होतं.

बाजाराच्या दिवशी मुलीचे आईवडील आमच्या खोलीवर आले. बायकोनं चिवडा आणि चहा दिला. मुलीचे वडील बशीत चहा ओतून जे बोलायला आले होते ते बोलणार, तोच मी म्हणालो, "आधी एक गंमत दाखवतो," आणि खुर्ची कॉम्प्युटरसमोर सरकवली. वर नकाशा, त्यावर आमची वाट. मग ऐटीत खालची पट्टी उघडली.

आता इथे एक बारीक गोष्ट होती. ते सॉफ्टवेअर आलेख नेहमी पट्टीभर ताणून दाखवायचं. जमीन चार फूट चढू दे नाहीतर चारशे, सगळ्यात खालची जागा पट्टीच्या तळाशी आणि सगळ्यात वरची माथ्याला. मी रोजचा बघणारा. माझी नजर आपसूक बाजूच्या आकड्यांवर जायची, आणि मला तिथे चाळीसएक फुटांचा चढ दिसत होता. पाहुण्यांना दिसली ती तळापासून माथ्यापर्यंत उभी गेलेली एक भिंत.

मुलीच्या वडलांनी बशी खाली ठेवली. "आयाया! हा तर गड हाय गड!"

"न्हाई, न्हाई," मी म्हणालो, "हे तसं दिसतं. खरा चढ चाळीस फुटांचाच हाय."

"मला तर ढगात गेलेला दिसून राहिला."

"थांबा, बराबर करून दाखवतो." मी घाईघाईनं आकड्यांत फेरफार करून आलेख दाबला. भिंत खाली बसली, आणखी दाबल्यावर वाट जवळजवळ आडवी झाली. मी विजयानं मागे वळलो.

मुलीच्या वडलांचा चेहरा उतरलेला होता. "मघाशी गड होता, आता वावर झालं. म्हंजे हे तुमच्या हातातलं हाय म्हणा की."

"हातातलं म्हंजे..."

"आन् दाबलं तर खड्डाबी होईल." ते आपल्या बायकोकडे वळले. "चला, गाडीची येळ झाली."

मुलीची आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती अजून स्क्रीनकडेच बघत होती. तिनं बोट करून विचारलं, "हे मधले बारके बारके कंगोरे कशाचे?"

यंत्र एका जागी थांबलं की त्याला उंची नीट ठरवता येत नाही, ती थोडी खालीवर होत राहते. त्याचे ते कंगोरे. हे मी समजावून सांगितलं आणि वर, न विचारता, म्हणालो, "तिथं वहिनी थांबली होती."

"थांबावं लागतं म्हणा की," ती म्हणाली.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगचे मी तेवढे एकदाच आभार मानले. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. बायको अंधारात कपबशा गोळा करत म्हणाली, "तोंडानं सांगितलं असतं तर नुसता चढ होता. तुमी डोंगर करून दाखवला."

दुसऱ्या दिवशी पुतण्या पहिल्या जीपनं आला. दाढी केलेली नव्हती. उंबऱ्यातच बसला.

"काका, असं काय दाखवलं तुमी त्याहिला? गड म्हणून राहिले ते."

मी त्याला सगळं समजावलं, ताणणं, दाबणं, आकडे. त्यानं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे मशीन बराबर हाय, चढ बराबर हाय, तुमी बराबर हाय," तो म्हणाला, "फक्त माझं लगीन मोडलं."

पोरगं माझ्यावर चिडायला आलं होतं, पण त्याला ते जमत नव्हतं. लहानपणी मी त्याला खांद्यावर घेऊन बाजार दाखवला होता, ते आडवं येत असावं. जेवून परत जाताना जिन्यावर थांबून म्हणाला, "अजून 'न्हाई' म्हणाले न्हाईत ना? 'कळवतो' म्हणाले ना?"

त्या 'कळवतो'च्या जिवावर मी मुलीच्या वडलांना फोन केला. म्हटलं, माझं मशीन खोटं वाटलं ना? तर तुमच्या गावची वाट मोजू. त्याच मशीनवर, तुमच्यासमोर.

"या की!" ते एकदम खुलले. "आमचं गाव तव्यावानी सपाट हाय. बघाच मग रेघ कशी येती."

गेलो. गाव खरंच सपाट होतं. गावाबाहेरच्या विहिरीपासून त्यांच्या घरापर्यंत ते माझ्या बरोबरीनं चालले. वाटभर जो भेटेल त्याला सांगत होते की गाव मोजून राहिलो, सपाट हाय ते कागदावर येणार. घरी मुलगी पाणी घेऊन आली. तांब्या हातात देताना वडील बैलाकडे वळले आहेत असं बघून ती हळूच म्हणाली, "काका, आमच्याबी गावाचा डोंगर येऊ द्या."

मी पाणी प्यायचं विसरून तिच्याकडे बघत राहिलो. ती आत निघून गेली.

तिला काय माहीत, डोंगर यायचाच होता. जमीन सपाट असली की सॉफ्टवेअरला ताणायला काहीच मिळत नाही, मग ते यंत्राच्या बारीकसारीक चुका धरून ताणतं. हे मला माहीत होतं. पण ते इतकं ताणेल याची मलाही कल्पना नव्हती.

पुढच्या बाजाराला दोघं नवराबायको परत आमच्या खोलीवर आली. पुतण्यालाही मी बोलावून घेतलं होतं. तो दाराशी पोत्यावर बसला. मुलीच्या वडलांनी स्वतःच खुर्ची पुढे ओढली. मी वाट उघडली, पट्टी उघडली.

पट्टीत सुळक्याला सुळका लागून डोंगरांची रांगच्या रांग उभी होती. आमच्या गावचा एकच गड होता. त्यांच्या गावाला मोजायला नको इतके.

मुलीचे वडील पुढे वाकून बघत राहिले. विहीर कुठली, घर कुठलं, ते मला माउस फिरवायला लावून ठिपक्यावरून त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग एकदम मागे टेकून म्हणाले, "म्हंजे माझी पोरगी रोज इतके डोंगर चढून राहिली व्हय?"

आधी मुलीची आई हसली. तोंडाला पदर लावून, पण खांदे हलतील इतकं. मग माझी बायको म्हणाली, "भाऊ, तुमचा तवा लई खडबडीत निघाला हो." मग मुलीचे वडील स्वतःच हसायला लागले आणि त्यांना ठसका लागला. पुतण्या पोत्यावर बसून हसावं की नाही या विचारात होता.

हसणं निवल्यावर मी आलेख न दाबता, न ताणता फक्त बाजूचे आकडे वाचून दाखवले. तुमच्याकडे इथून तिथवर चारपाच फूट, तेही यंत्राच्या चुकीचे. आमच्याकडे चाळीसएक फूट, अर्धा किलोमीटर चालण्यात. त्यांनी आकड्यांवर स्वतः बोट ठेवून बघितलं.

"असं हाय व्हय," ते म्हणाले. "मग हे काही लई न्हाई. चालतंय." आणि त्यांनी आपल्या बायकोकडे बघितलं. "चालतंय ना?"

पुतण्या पुढे सरकून बसला. मीही.

मुलीच्या आईनं पदर नीट केला. "तुमाला चालतंय. डोक्यावर तुमच्या काय हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, मशीन बराबर असल. पण याच्यात हंडा कुठं दिसून राहिला?"

"हंडा नाही दिसत," मी म्हणालो.

"खेपा किती करत्या तुमच्या वहिनी?"

"पाचसहा तर होतातच. पावणे आले की जास्त."

"अन् ही रेघ एका खेपंची."

"एकाच."

मग तिनं सरळ दाराशी बसलेल्या पुतण्यालाच विचारलं, "विहिरीवर मोटर हाय का?"

"हाय की, तीन एचपीची," तो हुशारीनं म्हणाला. त्याला वाटलं आता शेतीचे प्रश्न सुरू झाले.

"कशाला पाणी देता?"

"हळदीला देतो. गव्हाला देतो."

"अन् घराला?"

"घराला..." तो थांबला. "घराला आई आणती."

मुलीची आई आवाज न चढवता म्हणाली, "हळदीला मोटर, अन् माझ्या पोरीला हंडा."

मी इतके दिवस त्या वाटेचा चढ ताणून बघितला, दाबून बघितला, ठिपका वरखाली पळवला. विहिरीवरची मोटर मला लहानपणापासून... म्हणजे ती आली तेव्हापासून माहीत होती. तिचं पाणी टेकाडावर चढवता येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भावाच्याही आलं नव्हतं. पाणी घरात येतच होतं ना!

"काहून न्हाई चढवलं?" मुलीच्या वडलांनी विचारलं. आता तेही बायकोच्या बाजूला गेले होते.

पुतण्या नखानं पोत्याचा सुतळीचा टाका उकरत होता. "पाईपाला पैसे लागत्यात," तो म्हणाला. "सोयाबीनचे ठेवलेत, पण ते गाडीसाठी." मोटारसायकलचा रंगसुद्धा त्यानं ठरवून ठेवला होता, हे आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं.

"गाडीवर कुणाला फिरवणार?" मुलीच्या आईनं विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "पाईप घेतो." आणि हे म्हणताना त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याची मोटारसायकल मीच कुठेतरी विकून आलो होतो.

मुलीच्या आईनं कॉम्प्युटरकडे पाठ केली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "बाई, चहा टाका. पाणी वर चढलं की सुपारी फोडू."

पाईप घ्यायला पुतण्या आणि मी हिंगोलीच्याच दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "पाणी किती उंच न्यायचं?"

इतकी वर्षं त्या पट्टीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी मनातल्या मनात बोलावून उभं केलं आणि म्हणालो, "चाळीस फूट. मशीननं मोजलंय."

"मशीन कितीनं चुकतं?"

"दहापंधरा फूट चुकू शकतं."

"मग पंचावन्न धरतो," तो म्हणाला आणि वहीत लिहून मोकळा झाला. तीनची मोटर तेवढं आरामात चढवते, असंही त्यानं सांगितलं. पुतण्या जीपमध्ये पाईपाच्या वेटोळ्यावर हात ठेवून बसला होता.

बांधाबांधानं पाईप टाकला. लिंबापाशी वाट ओलांडायची होती, तिथे खोदून पुरला. वरचं टोक अंगणात हौदापाशी आणलं. लाईट येईपर्यंत सगळे बसून राहिलो. मी मधूनमधून विहिरीकडे आणि मग घराकडे बघून मनात चढ मोजत होतो, आणि दर वेळी तो मला जास्त वाटत होता. न चढलं तर? पाईप गेला, गाडी गेली, सुपारी गेली, आणि गावभर माझं मशीन.

दुपारी लाईट आली. पुतण्यानं खाली जाऊन मोटर चालू केल्याची हाळी दिली. पाईपातून आधी नुसती हवा आली, मग तो खोकला, मग तांबूस पाणी थुंकला, आणि मग बोटाएवढी धार पडायला लागली. हळूहळू ती मनगटाएवढी झाली. भाऊ म्हणाला, "चढलं की रे!" शेजारपाजारचे बघायला आले. एकानं मला विचारलं, मशीननं ओढून आणलं का पाणी. खालून पुतण्या पळत वर आला, धार बघितली आणि धापा टाकत मला म्हणाला, "फोन लावा. त्याहिला सांगा." मी लावला. मुलीच्या वडलांनी पाण्याचा आवाज ऐकवायला सांगितला, तोही ऐकवला. सुपारीचा दिवस तिथेच उभ्या उभ्या ठरला.

वहिनी दारात उभी होती. पुढे आली, धारेखाली हात धरला, एक घोट पिऊन बघितला. मग मला म्हणाली, "भावजी, एक विचारू का?"

"विचार की."

"मी या घरात आले, तवाबी हा चढ इतकाच होता? का तुमच्या मशीननं आता वाढवला?"

भाऊ खाली वाकून पाईपाची क्लिप आवळायला लागला. ती आधीच आवळलेली होती. मी म्हणालो, "तेवढाच होता."

"मला वाटलंच," ती म्हणाली.

तिनं हंडा धारेखाली लावला. भरल्यावर तिनं उचलला, चुलीकडे नेता नेता मागे न बघता म्हणाली, "हात रिकामे हायेत ना आता? ती कळशी लावा."

मी कळशी लावली.